रेडिओ फोर: दिवसभर नुसतं बोलणं

मैत्रेयी_रेडिंग

इंग्लंडात नव्याने आलेली मराठी मंडळी विचारतात इथलं काय बघू, कुठली सिरियल, कुठलं चॅनेल, आणि मी दर वेळी एकच सांगते की आधी रेडिओ फोर लावा. नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं पण ते बातम्यांचं स्टेशन आहे असं वाटून पुढे जातात. म्हणून हा धागा.

बीबीसीचं हे स्टेशन ३० सप्टेंबर १९६७ ला या नावाने सुरू झालं, त्याआधी ते होम सर्व्हिस होतं. गाणी जवळपास नाहीत, जाहिराती अजिबात नाहीत, पहाटेपासून रात्री एकपर्यंत माणसं बोलत असतात. आणि ऐकायला लायसन्स लागत नाही, रेडिओचं वेगळं लायसन्स १९७१ लाच रद्द झालंय, टीव्हीवाले भरतात त्यात रेडिओ चालतो.

साधा गुरुवार घेऊ. पावणेसहाला फार्मिंग टुडे, म्हणजे दुधाचे भाव, मेंढ्यांचे रोग, सबसिडी. सहा ते नऊ टुडे, बातम्या आणि मुलाखतींचा, हा १९५७ पासून चालू आहे. ८:१० ची मुलाखत सगळ्यात महत्त्वाची, मंत्र्याला घाम फुटतो तो तिथेच. पण त्याच्या जरा आधी, पावणेआठच्या सुमारास, सगळं राजकारण थांबवून थॉट फॉर द डे लागतं, कधी पाद्री कधी रब्बी कधी मौलवी कधी शीख किंवा हिंदू वक्ता, तीनेक मिनिटं शांतपणे बोलतो आणि लगेच परत बजेट, संप, युद्ध. मला ही सरमिसळ फार आवडते.

नऊला इन अवर टाइम. मेल्विन ब्रॅग यांनी १९९८ पासून २०२५ पर्यंत चालवला. एक विषय, तीन प्राध्यापक, पाऊण तास. भगवद्गीता, उपनिषदं, सम्राट अशोक, भारतीय गणित, सगळ्यांवर पूर्ण भाग झालेत. ब्रॅग यांची पद्धत बघण्यासारखी होती, लांबलचक प्रस्तावना नाही, पाहुण्यांच्या पदव्यांचं कौतुक नाही, थेट पहिला प्रश्न, आणि प्राध्यापक भरकटला की ते त्याला लगेच मुद्द्यावर आणायचे. ऐकणाऱ्याला काही माहीत नाही पण तो हुशार आहे, असं धरून चालणारे कार्यक्रम किती असतात सांगा.

दहाला वुमन्स अवर, १९४६ पासून. पहिला निवेदक पुरुष होता यावर आज विश्वास बसत नाही. मासिक पाळी, मेनोपॉज, पेन्शन, घरातली मारहाण, हे विषय घरोघरी स्वयंपाकघरातल्या रेडिओवर मोकळेपणाने आले यात या कार्यक्रमाचा वाटा मोठा आहे. एकला बातम्यांचा वर्ल्ड ॲट वन, दोनला आर्चर्स, सव्वादोनला नाटक. पाचला पीएम, तोही बातम्यांचा, सहाला बिग बेनचे ठोके आणि बातम्या, साडेसहाला विनोदी कार्यक्रम, सातला आर्चर्सचा नवा भाग, मग कलाविषयक फ्रंट रो. दहाला वर्ल्ड टुनाइट, पावणेअकराला बुक ॲट बेडटाइम, हे १९४९ पासून. मग अधिवेशन चालू असेल तर संसदेचा वृत्तांत, बाराला परत बिग बेन आणि मध्यरात्रीच्या बातम्या, १२:४८ ला जहाजांसाठी हवामान, राष्ट्रगीत, आणि पुढे वर्ल्ड सर्व्हिस.

माझं म्हणणं असं की यातला एकेक कार्यक्रम चांगला आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे सगळं एका रांगेत येतं. पॉडकास्टवर आपण आपल्या आवडीचंच ऐकतो. इथे बातम्या ऐकायला थांबलेल्या माणसाच्या कानावर पुढे मेंढपाळाची मुलाखत पडते, आणि तो हातात लाटणं असल्यामुळे ती ऐकतो, आणि पंधरा मिनिटांनी त्याला मेंढपाळाबद्दल काळजी वाटायला लागते. मला स्वतःला इंग्लंड कळलं ते असंच कळलं, मी कधीही सर्च केलं नसतं अशा विषयांतून.

तुम्ही काय ऐकता? आणि भारतात बसून कुणी ऐकतं का?

जॅमवाला

मस्त धागा. साडेसहाच्या विनोदाबद्दल एकाच वाक्यात उरकलंत म्हणून मी भर घालतो. जस्ट अ मिनिट! दिलेल्या विषयावर एक मिनिट बोलायचं, न अडखळता, शब्द परत न वापरता, विषय न सोडता. कुणी चुकलं की दुसऱ्याने बझर दाबायचा आणि उरलेले सेकंद त्याने बोलायचं. १९६७ च्या डिसेंबरात सुरू झाला आणि निकोलस पार्सन्स यांनी पन्नास वर्षांहून जास्त सांभाळला. आपल्याकडे कॉलेज फेस्टमधे जे जॅम खेळतात ते इथूनच आलंय, आणि २०१२ ला याचे दोन भाग चक्क मुंबईत कॉमेडी स्टोअरला रेकॉर्ड झाले होते, सायरस ब्रोचा आणि अनुवब पाल होते त्यात. खेळ एवढासा आहे पण बोलणं ही कसरत आहे हे त्यात लख्ख दिसतं, एक मिनिट किती लांब असतं ते स्वतः करून बघा.

दर्यावर्दी_रत्नागिरी

मैत्रेयीताई, जहाजांचं हवामान तुम्ही अर्ध्या वाक्यात संपवलंत, ते मी सांगतो कारण नोकरीत असताना ते नुसतं ऐकलेलं नाही, लिहून घेतलेलं आहे.

शिपिंग फोरकास्ट. ब्रिटनच्या भोवतालच्या समुद्राचे ३१ भाग केलेत आणि क्रम कधी बदलत नाही. व्हायकिंगपासून सुरू, नॉर्थ युटसिरे, साउथ युटसिरे, फोर्टीज, क्रोमार्टी, फोर्थ, टाइन, डॉगर, असं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने खाली इंग्लिश खाडी, बिस्के, मग वर आयर्लंड, हेब्रिडीज, शेवटी साउथईस्ट आइसलंड. प्रत्येक भागासाठी आधी वाऱ्याची दिशा, मग बोफोर्ट मोजमापावर जोर, मग पाऊसपाणी, मग दृश्यता. 'वारा', 'जोर' असले शब्दसुद्धा म्हणत नाहीत कारण कुठल्या जागी काय येणार हे खलाशाला पाठ असतं. सगळा मजकूर साधारण ३५० शब्दांत बसवावा लागतो. वादळाच्या इशाऱ्यात 'इमिनंट' म्हटलं तर सहा तासांच्या आत, 'सून' म्हणजे सहा ते बारा तासांत, 'लेटर' म्हणजे बारा तासांनंतर. इतकं काटेकोर आहे. निवेदक हळू वाचतो ते छान वाटावं म्हणून नव्हे, हलणाऱ्या बोटीत पेन्सिलीने लिहून घेणाऱ्याला वेळ मिळावा म्हणून.

यातल्या एका भागाचं नाव फिट्झरॉय. आधी ते फिनिस्टेर होतं, २००२ ला बदललं. रॉबर्ट फिट्झरॉय म्हणजे डार्विनला घेऊन गेलेल्या बीगल जहाजाचा कप्तान, आणि १८५४ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश हवामान खात्याचा पहिला प्रमुख. १८५९ च्या ऑक्टोबरात रॉयल चार्टर नावाचं जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर फुटलं, ४०० हून जास्त माणसं गेली, किनारा डोळ्यासमोर असताना गेली. त्यानंतर त्याने तारायंत्राने बंदरांना वादळाचा इशारा द्यायची पद्धत सुरू केली. आज रात्री रेडिओवर जे वाचलं जातं त्याचं मूळ तिथे आहे.

आता मोठ्या जहाजांना नॅवटेक्सवर लेखी इशारे मिळतात, सॅटेलाइट आहे, त्यांचं रेडिओवाचून अडत नाही. पण लहान मच्छिमार बोटी आणि शिडाच्या होड्या आहेत. मला एका गोष्टीचं वाईट वाटतं. १९८ किलोहर्ट्झच्या लाँग वेव्हवर, वुस्टरशरमधल्या ड्रॉइटविचच्या ट्रान्समीटरवरून, हे वर्षानुवर्षं समुद्रात खूप दूरवर ऐकू यायचं. लाँग वेव्ह जमिनीला आणि पाण्याला धरून जाते, एफएम किनारा सुटला की थोड्या वेळात सुटतं. २०२४ ला लाँग वेव्हचे वेगळे कार्यक्रम बंद केले आणि फोरकास्टच्या वेळाही कमी केल्या. पैशाचं गणित कळतं मला. तरी दर्यावर असलेल्या माणसाकडे शेवटी जे साधं यंत्र उरतं ते रेडिओच असतं, हे ऑफिसात बसून ठरवणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं.

मैत्रेयी_रेडिंग

काका, नतमस्तक. 'सून' आणि 'लेटर' ला असे ठरलेले तास असतात हे मला माहीतच नव्हतं. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका ना प्लीज.

लीड्सची_लेक

मी जरा वेगळं बोलते, रागावू नका. रेडिओ फोर मीही ऐकते पण ते लंडनच्या आसपासच्या, शिकलेल्या, वय झालेल्या, गोऱ्या माणसांचं स्टेशन आहे असं मला अजून वाटतं. टुडेमध्ये शेअर बाजाराला जेवढा वेळ मिळतो त्याच्या निम्माही आमच्या इकडच्या बससेवेला मिळत नाही. माझ्या हॉस्पिटलातल्या सहकारी नर्सेस, केरळच्या, फिलिपिन्सच्या, नायजेरियाच्या, कुणी ऐकत नाही. त्या राष्ट्राचा भाग नाहीत का? राष्ट्रीय म्हणायचं तर कुणाचं राष्ट्र हा प्रश्न येतोच.

मैत्रेयी_रेडिंग

रागवायचं काय त्यात, बरोबर आहे तुझं. फक्त हा वाद त्या स्टेशनच्या पोटात पहिल्यापासून आहे एवढंच सांगते. १९४१ ला होम सर्व्हिसवर विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशरच्या माणसाला राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं, तुझ्याच इकडचा, हॅलिफॅक्सचा. तोवर सगळे एकाच साच्यातले साहेबी उच्चार. जर्मनांना नक्कल करणं अवघड जाईल असाही विचार त्यामागे होता म्हणतात. तो उत्तरेच्या लोकांना त्यांच्या बोलीत 'गुड नाइट' ऐवजी 'गुड नीट' म्हणायचा आणि त्यावर देशभर तक्रारी झाल्या, त्यात उत्तरेचेही लोक होते! आज स्कॉटिश, वेल्श, जमैकन वळणाचे, भारतीय वळणाचे आवाज निवेदनात आहेत, पण बससेवेचा मुद्दा उरतोच, तो आवाजाने सुटत नाही, कुठल्या बातमीला किती मिनिटं द्यायची हे कोण ठरवतं त्यावर सुटेल. फीडबॅक नावाचा कार्यक्रम आहे तिथेच, श्रोते तक्रार करतात आणि संपादकाला येऊन उत्तर द्यावं लागतं. तू लिही त्यांना. खरंच लिही, अशा पत्रांची दखल घेतात तिथे.

लीड्सची_लेक

लिहिते. आणि हे पण सांगते की रात्रपाळीवरून गाडीने घरी येताना मी दुसरं काही लावत नाही, फार्मिंग टुडे माझं पाठ आहे :)

शिवार_सांगली

मी शेतकरी माणूस, द्राक्षं आहेत आमच्याकडं. वरती आर्चर्सचं नाव दोनदा आलंय पण ते काय आहे ते कुणी सांगितलंच नाही. शेतीवर आहे असं ऐकलंय, खरं का?

नभोनाट्य_प्रेमी

शिवारदादा, खरंय. आर्चर्स ही मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर चालू आहे, आजही, जगातलं सगळ्यात जास्त काळ चाललेलं नाटक. अँब्रिज नावाचं काल्पनिक खेडं, आर्चर नावाचं शेतकरी कुटुंब. सुरुवात कशी झाली ते तुम्हाला आवडेल. युद्ध संपलं तरी ब्रिटनमध्ये रेशन चालू होतं, धान्य दूध मांस सगळं कमी, आणि शेतकऱ्यांपर्यंत नवीन पद्धती पोचवायच्या होत्या. नुसती भाषणं कोण ऐकणार. म्हणून शेती खात्याच्या सल्ल्याने रोजच्या गोष्टीतून माहिती द्यायची असं ठरलं. खतं, बियाणं, जनावरांचे रोग, सगळं संवादात. आपल्या आकाशवाणीचं 'माझं घर माझं शिवार' आठवा, आणि त्याला मुंबई केंद्राच्या 'प्रपंच'मधल्या मीनावहिनी आणि टेकाडे भावजी जोडा.

सल्ला द्यायचं काम पुढे सुटलं, शेती मात्र सुटली नाही, आजही कथेला कृषी सल्लागार असतो. दुधाला परवडणारा भाव मिळत नाही म्हणून गाई विकायच्या का, पोरगा शेती करणार का, जमिनीची वाटणी, हे सगळं येतं. २२ सप्टेंबर १९५५ ला ग्रेस आर्चर हे पात्र तबेल्याच्या आगीत गेलं, त्याच संध्याकाळी आयटीव्ही हा बीबीसीचा स्पर्धक टीव्ही चॅनेल सुरू होत होता, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ग्रेसच. २०१६ ला हेलन आणि रॉबची गोष्ट झाली, नवरा हात न उगारताही बायकोला कसा हळूहळू कोंडीत पकडतो ते दोनेक वर्षं सावकाश दाखवलं. ते टीव्हीवर जमलं नसतं असं माझं ठाम मत आहे. रॉबचा आवाज कायम मऊ होता, फक्त शब्द ऐकायला मिळत होते, त्यामुळे ऐकणाऱ्याला हेलनच्या आधी संशय यायला लागायचा आणि काही करता यायचं नाही. त्यातूनच खऱ्या आयुष्यात अशा छळातून गेलेल्या बायकांसाठी श्रोत्यांनी लाखाहून जास्त पौंड जमवले.

अँब्रिजमध्ये उषा गुप्ता नावाची भारतीय वंशाची वकील पण आहे. नव्वदच्या दशकात तिच्यावर वर्णद्वेषी हल्ले झाल्याची कथा होती आणि २००८ मध्ये तिने गावच्या पाद्र्याशी लग्न केलं. लीड्सताई, तुमच्या मुद्द्याला हे पूर्ण उत्तर नाही, पण नोंद असावी.

आता माझा लाडका विषय, आवाज. बर्मिंगहॅमच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग होतं. गोठ्याच्या लोखंडी फाटकाची करकर म्हणजे जुना इस्त्रीचा बोर्ड. कोकरू जन्माला येतं तेव्हा दह्याच्या डब्यात हात घालतात आणि ओला टॉवेल जमिनीवर टाकतात. ऐकताना शंभर टक्के खरं वाटतं. मी लहानपणापासून श्रुतिका ऐकतोय आणि माझं मत आहे की आपल्याकडे नट उत्तम होते, लेखक उत्तम होते, पण नाटकाच्या आवाजावर एवढी मेहनत करायला वेळ आणि माणसं कधी दिली नाहीत. आणि तिथे रेडिओ नाटक अजून नोकरी आहे, पगार मिळतो लिहिणाऱ्याला. आपल्याकडच्या किती जणांनी हात टेकले नसते, नुसतं मानधन वेळेवर आणि पोटापुरतं असतं तर.

शिवार_सांगली

हे भारी आहे. आमच्या आजोबांच्या खोलीत संध्याकाळी आकाशवाणी सांगली लागायची, सगळी गप. द्राक्षाच्या औषधांची माहिती त्यांनी रेडिओवरनंच घेतली. आता माहिती व्हॉट्सॲपवर मिळती खंडीभर, पण खरी कुठली खोटी कुठली ते ज्यानं त्यानं बघायचं.

पोथी_निष्ठ

मराठी धागा आहे तर एक नाव यायलाच हवं. वेणू चितळे. कोल्हापूरकडच्या, १९३४ च्या सुमारास इंग्लंडला गेल्या, आणि युद्धाच्या काळात बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये होत्या, लेखक जॉर्ज ऑर्वेल यांच्याबरोबर काम करायच्या. बाँब पडत असताना लंडनमधून भारतासाठी कार्यक्रम चालू होते. पण आपल्या विषयाशी जोडलेला भाग पुढचा आहे. होम सर्व्हिसवर, म्हणजे रेडिओ फोरच्या थेट पूर्वजावर, किचन फ्रंट नावाचा सकाळचा पाच मिनिटांचा कार्यक्रम असायचा, रेशनमध्ये काय शिजवायचं ते सांगणारा. मांस मिळत नाही, अंडी मिळत नाहीत, आणि तिथे वेणूताईंनी ब्रिटिश बायकांना भारतीय शाकाहारी स्वयंपाक सांगितला. तिकडच्या राष्ट्रीय रेडिओवर सकाळी सकाळी एक मराठी बाई डाळी-भाज्यांबद्दल बोलतेय, १९४० च्या दशकात! शाळेत कुणी शिकवलं का आपल्याला हे? त्यांच्यावर इथे कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.

मैत्रेयी_रेडिंग

अंगावर काटा आला. हे नाव मी ऐकलं होतं ते फक्त ऑर्वेलच्या संदर्भात. किचन फ्रंटचं माहीत नव्हतं. पोथीदादा, तुम्हीच लिहा.

तिसरा_सेमिस्टर

मँचेस्टरला मास्टर्स करतोय. मला इथे आल्यावर लेक्चर कळायची नाहीत, वाचलेलं कळायचं पण ऐकलेलं निसटायचं. सिनियरने मोअर ऑर लेस ऐकायला सांगितलं, टिम हारफर्ड यांचा, बातम्यांमध्ये फेकले जाणारे आकडे खरे आहेत का ते तपासतात. स्टॅटिस्टिक्स शिकणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा. कुणी मंत्री म्हणाला अमुक टक्के वाढ झाली तर ते विचारतात कुठल्या वर्षापासून, कशाच्या तुलनेत, हा आकडा खरंच मोठा आहे का. ही सवय मला वर्गात लागली नाही, इथे लागली.

एक प्रश्न, ते तासाच्या आधी टूं टूं वाजतं ते काय आहे? आणि फोनवर ते घड्याळाच्या मागे का असतं?

दर्यावर्दी_रत्नागिरी

ते पिप्स. सहा असतात, पाच छोटे एक लांब, आणि लांबचा सुरू होतो तो बरोब्बर तासाचा क्षण. ५ फेब्रुवारी १९२४ पासून. पूर्वी जहाजावरची घड्याळं त्यावर लावायचे लोक. फोनवर आणि डिजिटल रेडिओवर आवाजाचं कोडिंग होऊन तो उलगडेपर्यंत काही सेकंद जातात, म्हणून मागे. घड्याळ लावायचं तर साधं एफएम लाव. आणि निवेदकाने पिप्सच्या आधी वाक्य संपवायचंच असतं, त्यावर बोलणं म्हणजे मोठी चूक मानतात. मंत्रीसुद्धा त्यासाठी तोडला जातो, वेळ पाळणं काय असतं ते त्यात कळतं.

शिवार_सांगली

मैत्रेयीताई, इकडनं ऐकायचं कसं ते सांगा. ॲप टाकलं तर चालत नाही म्हणतंय.

मैत्रेयी_रेडिंग

दादा, बीबीसी साउंड्स हे ॲप जुलै २०२५ पासून यूकेबाहेर बंद केलंय. पण बीबीसी डॉट कॉमच्या साइटवर आणि त्यांच्या मुख्य बीबीसी ॲपवर ऑडिओमध्ये रेडिओ फोर लाइव्ह मिळतं, पैसे नाहीत. वेळा अशा धरा, इथला उन्हाळा म्हणजे मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर तुम्ही साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे फार्मिंग टुडे तुमच्याकडे सकाळी सव्वादहा किंवा सव्वाअकराला. आर्चर्सचा नवा भाग तुमच्या मध्यरात्रीच्या आसपास जातो, तो सोडा, दुपारी दोनचं पुनःप्रसारण धरा, ते तुम्हाला संध्याकाळी साडेसहा किंवा साडेसातला मिळेल. पहिला आठवडा कोण कुणाचा कोण ते कळणार नाही, तरी सोडू नका. काही अडलं तर इथेच विचारा, नभोनाट्यदादा अख्खी वंशावळ सांगतील.

नभोनाट्य_प्रेमी

सांगतो की! ब्रुकफील्ड फार्मपासून सुरुवात करू, डेव्हिड आणि रूथ आर्चर, दूध-मांसाची शेती. उद्या अख्खा वंशवृक्ष काढून इथे टाकतो.

शिवार_सांगली

टाका. सव्वादहाला मी फवारणी उरकून घरी असतोय, फार्मिंग टुडे पण लावतो. द्राक्षाचं काय बोलले तर इथं लिहीन.